घोषांतील उत्तमपुरुष : हैदराबाद संस्थानांतील दोन घोष

टेंभुर्णी हें जाफराबाद तालुक्यांतील गांव आज जालना जिल्ह्यांत आहे. १९८१ पूर्वीं तें औरंगाबाद जिल्ह्यांत व सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतें. या मुलखांत त्या अमलाच्या अखेरच्या काळीं दोन घोष समोरासमोर उभे राहिले. त्यांची राजकीय हकीकत सर्वश्रुत आहे. प्रस्तुत टिपणांत त्यांच्या शब्दांचा विचार करावयाचा आहे.

पहिला 'वंदे मातरम्'. बंकिमचंद्रांच्या 'आनंदमठ' (१८८२) कादंबरींतील हें गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्यें रवींद्रनाथांनीं गाइलें. १९३८ सालीं औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजांतील व उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं तें म्हणण्याचा आग्रह धरला; त्यांस काढून टाकण्यांत आलें व अनेकांस नागपूर विद्यापीठानें प्रवेश दिला. दुसरा 'अनल मलिक', म्हणजे 'मी राजा आहें'. संस्थानाचें स्वामित्व मुसलमान समाजाचें असून निजाम हा त्याचें केवळ प्रतीक होय, असा अर्थ मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनचे पुढारी बहादुर यार जंग (मृत्यु १९४४) यांच्या पक्षानें त्यांत भरला.

आतां व्याकरण पाहूं. 'वन्दे' हें वन्द् धातूचें वर्तमानकाळीं उत्तमपुरुषी एकवचन. धातुपाठांत या धातूचे अभिवादन व स्तुति असे दोन अर्थ आहेत. म्हणणाऱ्यानें मातृभूमीस नमस्कार मनांत आणिला. मुसलमान श्रोत्यास पुढील कडव्यांतील दुर्गेच्या नांवामुळें ईश्वराखेरीज अन्याची उपासना दिसली. कादंबरींतील संन्याशांचा रोष मुसलमान अमलावर असल्यानें ती शंका बळावली. 'अना' हेंहि उत्तमपुरुषी एकवचनच. संस्थानांत मुसलमान सुमारें अष्टमांश. तो घोष ऐकतांना उरलेल्या प्रजेस आपण स्वतःच्या गांवींच आश्रित ठरलों असें वाटल्यास नवल नाहीं. एक समाज संख्येनें अल्प, दुसरा अधिकारानें अल्प; म्हणून शल्य दोघांसही होतें. मात्र एका घोषामागें वसतिगृहांतील मुलें होतीं व दुसऱ्यामागें सत्तेची छाया होती, हा भेद विसरतां येत नाहीं.

माझ्या मतें दुखण्याचें मूळ या उत्तमपुरुषांत आहे. बखरींतील विधान तृतीय व्यक्तीविषयींचें असतें. तें वाचून मतभेद ठेवतां येतो. घोष मात्र 'मी' म्हणावयास लावतो. जो म्हणत नाहीं त्याचें मौनच द्रोह ठरतें. १९३७ च्या ऑक्टोबरांत काँग्रेस कार्यकारिणीनें रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन गीताचीं पहिलीं दोनच कडवीं राष्ट्रीय सभांत म्हणावीं व अन्य निर्दोष गीत म्हणण्याची मोकळीक असावी असें ठरविलें, तें हें मर्म ओळखूनच. पुढें २४ जानेवारी १९५० रोजीं 'जन गण मन' राष्ट्रगीत झालें व 'वंदे मातरम्' यास समान मान मिळाला.

आपण संग्राहक सनदा, पत्रें, पत्रकें जपतों. घोष कागदावर क्वचितच उतरतो; उतरलाच तर म्हणणाऱ्याच्या बाजूनें. यासाठीं तत्कालीन पत्रक दप्तरांत ठेवतांना तो घोष कोणीं केला, याबरोबरच तो कोणीं मुकाट्यानें ऐकला, हेंहि टिपून ठेवावें. अन्यथा आपल्या संग्रहांतून अर्धाच इतिहास उरेल.