घरगुती सर्व्हरसाठी कॅबिनेटची निवड

कुटुंबाची छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे एकाच ठिकाणी साठविण्यासाठी चार, सहा किंवा आठ हार्ड डिस्कचा सर्व्हर घरीच जुळविता येतो. अशा वेळी प्रोसेसर आणि मेमरीचा विचार आधी होतो. कॅबिनेट मात्र उरलेल्या पैशांत घेतले जाते. वास्तविक, अहोरात्र फिरणाऱ्या डिस्क थंड राहतील की नाही, हे बव्हंशी कॅबिनेटवरच अवलंबून असते.

साडेतीन इंची डिस्क सुमारे १४७ मिलिमीटर लांब, १०२ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर जाड असते. कॅबिनेटमध्ये आठ डिस्क बसतात, एवढ्यावर समाधान मानू नये. दोन डिस्कमधून हवा वाहण्यास फट आहे काय आणि मागे केबल वळविण्यास जागा उरते काय, हे पाहावे. मोठ्या क्षमतेच्या अनेक नव्या डिस्कना तळाशी मधली स्क्रूची छिद्रे नसतात. त्यामुळे जुन्या कॅबिनेटच्या ट्रेमध्ये त्या नीट बसत नाहीत.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट आहे. एक डिस्क साधारण ५ ते ८ वॅट वीज घेते. म्हणजे आठ डिस्क मिळून ४० ते ६४ वॅटची उष्णता सतत बाहेर टाकतात. बहुतेक उत्पादक डिस्कसाठी ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची कमाल मर्यादा देतात. मे महिन्यात खोलीतच ४० अंश तापमान असेल, तर हाती जेमतेम २० अंश उरतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध समजला जात होता तेवढा ठळक आढळला नाही. अति उष्णतेत, विशेषतः जुन्या डिस्कच्या बाबतीत, तो दिसून आला. तेव्हा ३५ की ३८ अंश, याची चिंता व्यर्थ आहे. ५० अंशांची मात्र करावी.

यासाठी डिस्कच्या थेट समोर १२० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पंखा हवा. मोठा पंखा कमी वेगाने तेवढीच हवा देतो आणि आवाजही कमी करतो. पुढची काच दिसण्यास देखणी असली, तरी ती हवेची वाट अडविते. धुळीची जाळी सर्व्हर बंद न करता काढता यावी, अन्यथा ती कोणी धूत नाही. ट्रेमधील रबरी चकत्या कंपने शोषून घेतात.

मिनी आयटीएक्स मदरबोर्ड अवघा १७० मिलिमीटर चौरस असल्याने कॅबिनेट लहान होते. परंतु त्यावर सहसा विस्तारासाठी एकच स्लॉट असतो आणि अनेक लहान कॅबिनेटमध्ये नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस मावत नाही. सुरू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर खेचते. आठ डिस्कना क्षणभर १९० वॅट लागतात, हे एसएमपीएस निवडताना ध्यानात ठेवावे.

जुने टॉवर कॅबिनेटही टाकाऊ नाही. सीडी ड्राइव्हच्या एकावर एक असलेल्या तीन कप्प्यांत पाच डिस्कचा पिंजरा बसविता येतो. मात्र कप्प्यांतील पत्र्याच्या पट्ट्या कधी कधी वाकवाव्या लागतात.

डिस्क बसविताना प्रत्येकीचा अनुक्रमांक ट्रेच्या दर्शनी बाजूस चिकटवावा. रेड-५ रचनेत एक डिस्क निकामी झाल्यावर चुकून शेजारची चांगली डिस्क उपसली, तर सारा साठाच बंद पडतो.