लोण्याचा हिशेब

परवा सूनबाई ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "आई, तुमचं लोणी फार छान असतं हो, पण माझ्या केकला ते चालत नाही!"

आता चाळीसेक वर्षं मी घरी लोणी काढते आहे. माझ्या लोण्याला नावं ठेवणारं माणूस आजवर मला भेटलेलं नव्हतं. क्षणभर राग आला, खोटं कशाला सांगू? पण बत्तीस वर्षं मास्तरकी केलेली, त्यामुळे राग आला की आधी कारण शोधायची सवय. ते शोधता शोधता केक राहिला बाजूला आणि मी थेट माझ्या आजोळी, वाईजवळच्या खेड्यात जाऊन पोचले. तोच प्रवास आज लिहून काढते आहे.

आमच्या नेरुळच्या घरात फ्रीज उघडला की दोन लोणी दिसतात. स्टीलच्या डब्यातलं पांढरं ते "लोणी" आणि कागदात गुंडाळलेलं पिवळं ते "बटर". नात लहान असताना तिला ह्या दोन वेगळ्याच वस्तू वाटत. तिचं काय चुकलं म्हणा! थालीपिठावर लोणी आणि टोस्टवर बटर. उलटं करून बघा, घास घशाखाली उतरणार नाही. वस्तू एकच, पण तिची दोन नावं आणि दोन इतिहास.

आधी पांढऱ्याचा सांगते. "लोणी" हा शब्द संस्कृत "नवनीत"वरून आला. नवनीत म्हणजे ताजं काढलेलं. आपल्या हवेत ते ताजंच खावं लागतं, कारण लोण्यात पाणी राहतं आणि ताकाचा अंशही राहतो. दोन दिवसांत त्याला वास यायला लागतो. म्हणून आपल्याकडे लोणी हा स्वयंपाकाचा जिन्नस नव्हताच मुळी. तो एक मुक्काम होता. दुधाचं दही, दह्याचं ताक, ताकावर लोणी आणि लोण्याचं तूप. कढवून पाणी उडून गेलं की तूप महिनोन् महिने टिकतं. मधल्या मुक्कामावर असताना जो गोळा भाकरीवर पडायचा, तेवढंच काय ते लोणी. फोडणीला तेल आणि सणाला तूप. कढईत लोणी घालून भाजी परतणारी बाई माझ्या आजीला दिसली असती, तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता!

आजीकडे दोन म्हशी होत्या. मे महिन्यात आम्ही गिरगावातून आजोळी जायचो, तेव्हा पहाटे रवीच्या आवाजाने जाग यायची. खांबाला बांधलेली रवी, दोरीची दोन टोकं आजीच्या हातात आणि डेऱ्यातलं दही घुसळलं जातंय. लोणी वर यायला लागलं की आवाज बदलतो, जड होतो. आजी बोलता बोलता तो आवाज ऐकून थांबायची आणि गार पाणी ओतायची. मग गोळा काढून तीन पाण्यांनी धुवायचा. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं पाहिजे. ताक घ्यायला शेजारच्या बायका लोटे घेऊन आलेल्या असायच्या. ताकाचे पैसे कोणी घेत नसे. तूप मात्र आजी मापून विकायची, वाईतल्या ठरावीक घरांना.

ते पैसे आजीचे. शेतीचा पैसा आजोबांचा, त्यात आजीने कधी हात घातला नाही. तुपाचा पैसा उतरंडीतल्या खालून तिसऱ्या मडक्यात जायचा आणि त्यात आजोबा हात घालत नसत. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळं घर तो पाळत होतं.

त्या मडक्यानेच माझी आई शिकली. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर वाईला राहायला हवं. आजोबा म्हणाले, मुलीला चौथी पुष्कळ झाली. आजीने वाद घातला नाही. वाईला नात्यातलं एक घर गाठलं, पोरीच्या राहण्याजेवणाचं म्हणून दर महिन्याला ठरलेलं तूप त्या घरी पोचवलं आणि फी मडक्यातून भरली. आई १९४२ साली सातवी झाली. "माझी सातवी तुपावर झाली," असं ती म्हणायची. लहानपणी आम्हाला ती गंमत वाटायची.

आता पिवळ्याकडे येऊ. मुंबईला पेस्तनजी एदलजी दलाल नावाचे पारशी गृहस्थ होते. त्यांनी १८८८ साली कॉफीचा धंदा सुरू केला आणि त्याला "पोल्सन" हे साहेबी वाटणारं नाव दिलं. पुढे ते लोण्याकडे वळले आणि १९३० साली त्यांनी गुजरातेत आणंदला डेअरी काढली. सायीला आंबूसपणा येऊ द्यायचा, मग लोणी काढून त्यात मीठ घालायचं. मिठाने लोणी टिकतं. म्हणूनच ते पलटणींना आणि आगगाडीने मुंबईला पाठवता आलं. लोणी पहिल्यांदाच आपला मुक्काम सोडून प्रवासाला निघालं! मुंबईच्या जिभेवर ते असं बसलं की खुशामत करण्याला लोक "पोल्सन लावणे" म्हणू लागले. इराण्याचा "मस्का" होताच सोबतीला. मस्का हा फारसी शब्द, अर्थ लोणीच. गिरगावात वडील पगाराच्या दिवशी आम्हाला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे ब्रून मस्का खायला न्यायचे. घरी मात्र पिवळं लोणी फक्त आजारी माणसाच्या टोस्टवर.

आणंदला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांना भाव मिळत नव्हता. त्यातून १९४६ साली दुधाचा संप झाला आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ उभा राहिला. हाच पुढे "अमूल" झाला. संघाचा मोठा कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि लोणी बाजारात आलं. ते होतं ताज्या सायीचं, आणि पोल्सनला सरावलेल्या लोकांना ते सपक वाटलं! हे वर्गीज कुरियन यांनीच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. ग्राहकाला रुचेल अशी चव मग त्यांनाही आणावी लागली. रंगाचंही तेच. म्हशीचं लोणी पांढरंच असतं. त्या वेष्टनावरची बारीक अक्षरं कधी वाचा, त्यात "अनाट्टो" दिसेल. शेंद्रीच्या बियांपासून काढलेला हा रंग. म्हणजे ज्याला आपण बटरची "खरी" चव आणि "खरा" रंग समजतो, त्यात सवयीचा वाटा बराच आहे.

तिकडे मुंबईचं दूधही पातळ झालं होतं. दारा खुरोडी यांनी १९४६च्या सुमाराला "टोन्ड" दूध आणलं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची, म्हणजे तेवढंच दूध जास्त लोकांना पुरतं आणि स्वस्तही पडतं. ह्या कामासाठी खुरोडी, पटेल आणि कुरियन तिघांना मिळून १९६३चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्यासारख्या चाळीतल्या मुलांना त्या दुधाने हात दिला हे खरंच. पण म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये तीन. आरेच्या केंद्रावरून कार्डावर आणलेल्या बाटलीतून आईच्या हाती साय ती किती येणार? रवी फिरवायला घरात दहीच नव्हतं. त्यामुळे लाडवांना, शंकरपाळ्यांना डालडा. दिवाळीआधी आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायची आणि नानकटाईचे पत्रे भट्टीत सरकेपर्यंत तिथेच उभी राहायची. आमच्या घरातलं "बेकिंग" ते एवढंच. एका वर्षी आजीने पाठवलेलं तूप तिने नानकटाईत घातलं होतं. त्या वासाने चाळीतली पोरं जिन्यात गोळा झाली होती.

१९७०च्या सुमाराला आजोळच्या गावात दूध संकलन सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट लावायची आणि दहा दिवसांनी हिशेब. खातं मामाच्या नावावर, कारण म्हशी घराच्या आणि घर पुरुषाचं. मामाने दोनाच्या सहा म्हशी केल्या, घराला पक्की भिंत घातली, मुलांना कॉलेजात पाठवलं. ह्यात कोणाचं काही वाईट झालं असं मला म्हणताच येत नाही. फक्त दही लागेनासं झालं. रवी खुंटीला गेली. ताकाचे लोटे यायचे थांबले. आणि ते खालून तिसरं मडकं रिकामं झालं. पुढच्या मे महिन्यात आजीने मला खाऊला पैसे दिले, ते मामाकडून मागून घेऊन. मी तेव्हा कॉलेजात होते. ते मागणं मी पाहिलं आणि विसरूनही गेले.

खरं सांगू का? मी शाळेत इतिहास शिकवला. १९७० साली सुरू झालेली दुग्धक्रांतीची योजना, "ऑपरेशन फ्लड", मी फळ्यावर लिहून शिकवली. शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला "मंथन" चित्रपट १९७६ साली आला, तो मुलांना सांगितला. ते सगळं खरंच होतं आणि अभिमानाचंही होतं. पण माझ्या आईला जिने शिकवलं, तिचं मडकं त्यात कुठे बसतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पुढे बायकांच्या स्वतंत्र दूध संस्था निघाल्या, त्यांच्या नावावर पैसे येऊ लागले. आजीच्या वाट्याला ते आलं नाही. वर्गात एखाद्या मुलीने विचारलं असतं, "बाई, मग लोण्याचे पैसे कोणाचे?" तर मला उत्तर देता आलं नसतं.

आम्ही १९८४ साली वाशीला राहायला आलो. तेव्हा खाडीवर पूल होता पण लोकल नव्हती. ती १९९२ला आली. पिशवीतलं फुलक्रीम दूध आणि फ्रीज, ह्या दोघांच्या जिवावर मी साय साठवायला लागले. दहा दिवसांची साय, तिला विरजण, मग मिक्सर आणि बर्फाचं पाणी. रोज एक लिटर दूध घेतलं तर पाव किलोच्या आसपास लोणी निघतं. रविवारी थालीपीठ, उरलेलं कढवून तूप आणि बेरीत साखर घालून मुलांना. विकायचा प्रश्न नव्हता, मला पगार होता.

आणि मग २०२० आलं. सूनबाईची नोकरी प्रवासी कंपनीतली. प्रवासच बंद पडला, नोकरी गेली. दोन महिने ती गप्प गप्प होती. मग एक दिवस तिने केक केला, शेजारणीने विकत मागितला आणि बघता बघता ऑर्डरी यायला लागल्या. एफएसएसएआयची नोंदणी झाली, मोठा ओव्हन आला. खर्च वाचावा म्हणून मी मोठ्या मनाने माझं लोणी पुढे केलं आणि तिचा पहिलाच मोठा केक दगडासारखा बसला!

कारण असं. विकतच्या लोण्यात निदान ऐंशी टक्के स्निग्धांश असावा लागतो. घरच्या लोण्यात पाणी किती राहिलं ह्याला माप नाही. आणि केक फुगतो तो नुसत्या बेकिंग पावडरने नव्हे. मऊ लोणी आणि साखर एकत्र फेसताना साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात, पावडर त्यांना फक्त मोठं करते. लोणी पातळ झालं तर बुडबुडे धरायला काही उरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पस्तिशीला जातो आणि लोण्याचं ओट्यावरच तेल होतं. म्हणून आता ती बिनमिठाचं विकतचं लोणी घेते आणि फेसायचं भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवते. खारं बटर वापरावंच लागलं तर पिठातलं मीठ वगळते. नानकटाई मात्र माझ्या तुपाची. तूप पांढरं शुभ्र होईस्तोवर हाताने फेसायचं काम माझं. तुपात पाणी नसतं, त्यामुळे ती छान खुसखुशीत होते. म्हणजे परवाचं तिचं बोलणं तसं नवं नव्हतं. डब्यात लोणी फार साठलं होतं म्हणून मीच पुन्हा एकदा विचारून पाहिलं होतं!

गेल्या जूनमध्ये नातीची कॉलेजची फी भरायची होती. मुलगा मोबाइल काढत होता, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "राहू दे, मी भरते." आणि तिने आपल्या खात्यातून भरली. मुलगा सहज "बरं" म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. घरात कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मला एकदम ते मडकं आठवलं.

वाईकडच्या मंडळींना एक विचारायचं आहे. आजीची रवी माझ्याकडे आहे, आई गेल्यावर ती मला मिळाली. ती उतरंड कोणाकडे आहे का? वाडा पाडला तेव्हा कोणी उचलली असेल तर कळवा. सगळी नको, खालून तिसरं मडकं तेवढं हवं आहे.