कबाड्याचा काटा आणि यवतमाळचा रेडिओ

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की यवतमाळ जिल्ह्यात कुठेही एकच वाक्य ऐकू येतं. दारव्हा असो, पुसद असो, वणी असो. "आमच्या घरी होता ना मोठ्ठा मर्फी! भंगारात देऊन टाकला." कुठे मर्फीच्या जागी फिलिप्स येतो, बुश येतो, नॅशनल एको येतो, कुठे चावीचा ग्रामोफोन. क्रियापद बदलत नाही.

यानंतरचं वाक्य अलीकडे वाढलंय. "आज असता तर किती हजार आले असते, माहीत आहे का?" मोबाईलवर जुन्या रेडिओंच्या किमती सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात. मग हळहळ सुरू होते. संधी हुकली, स्वस्तात गेला, त्या कबाड्याला कळलं नाही, आपल्यालाही कळलं नाही.

ही हळहळ मला खरी वाटते, पण तिच्यामागची कल्पना थोडी उसनी आहे असं माझं मत झालंय. ती कल्पना अशी: कुठेतरी एक दुकान असतं, तिथे जुना रेडिओ धूळ खात पडलेला असतो, त्याची किंमत दुकानदाराला ठाऊक नसते, आणि जाणकार माणूस तो मातीमोल भावात उचलतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असं खरंच घडतं, कारण तिथे तशी दुकानं आहेत. बोस्टनमध्ये 1902 साली एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंत वस्त्यांतून जुन्या वस्तू गोळा करून त्या गरिबांकडून दुरुस्त करून घ्यायला आणि विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. साल्व्हेशन आर्मीची दुकानं आहेत, ऑक्सफॅमची आहेत. या सगळ्यांचा पाया दान आहे. दिलेली वस्तू वस्तू म्हणूनच फळीवर येते. रेडिओ रेडिओच राहतो, फक्त स्वस्त होतो.

आपल्याकडे जुनी वस्तू घराबाहेर पडण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. कपडे बोहारणीकडे जायचे आणि बदल्यात स्टीलचं भांडं यायचं. वापरता येण्यासारखं काही असेल तर ते नातेवाइकाला, शेतावरच्या गड्याला, शेजारच्या मुलाला. आणि जे कुणालाच नको ते कबाड्याला, वजनावर. (आमच्या पिढीला भंगारावर मिळणारी सोनपापडी आठवते. त्या सोनपापडीत किती इतिहास विरघळला असेल याचा हिशेब न केलेला बरा.) मुंबईत मटन स्ट्रीटचा चोरबाजार आहे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. तिथे वस्तू वस्तू म्हणून पोचते. यवतमाळच्या आळीतून तिथपर्यंतच्या प्रवासात मात्र मध्ये काटा येतो, आणि काटा वस्तू ओळखत नाही, धातू ओळखतो.

म्हणजे स्वस्त सौदा हुकला असं म्हणताना, सौद्याला वेळच किती होता हेही पाहायला हवं. फेरीवाल्याच्या गाडीवर रेडिओ चढला की फार तर काही दिवस. मग हातोडा.

हातोड्याखाली काय व्हायचं ते नीट सांगते, कारण माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण यावर उभं आहे. व्हॉल्व्हचा रेडिओ उघडला की आधी नजर जाते ट्रान्सफॉर्मरवर. त्यात तांब्याची तार, म्हणून तो पहिला सुटतो. मग स्पीकर. जुन्या स्पीकरमध्ये कायमचं चुंबक नसायचं, तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं विजेवर चुंबकाचं काम करायचं, म्हणजे तिथेही तांबं. नंतरच्या स्पीकरांत चुंबक आलं, तेही निघतं. चॅसिस लोखंडाच्या ढिगात. ट्यूनिंगचा कंडेन्सर, तो पत्र्यांचा पंखा, अॅल्युमिनियममध्ये. लाकडी पेटी चुलीत किंवा तशीच पडून. आणि व्हॉल्व्ह? काच. काचेला भाव नाही, म्हणून फुटून उकिरड्यावर. आज जुने रेडिओ दुरुस्त करणारे नेमके तेच व्हॉल्व्ह शोधत फिरतात.

एका तालुक्याच्या गावी कबाड्याच्या दुकानामागे मी तीन रिकाम्या पेट्या पाहिल्या. आतलं सगळं गेलेलं, पुढची जाळी उंदरांनी खाल्लेली. पेट्या कशा काय राहिल्या, असं विचारलं तर तो हसला. "लाकूड कोन घेते मॅडम?" एका पेटीत त्याने खिळे आणि नट-बोल्ट भरून ठेवले होते. दुसरीचं त्याच्या आईने देवघर केलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते दिसतही छान होतं.

ज्याच्या मटेरियलला भाव, ती वस्तू मेली. ज्याच्या मटेरियलला भाव नाही, ती वाचली. जिल्ह्यात फिरताना हा नियम मला पुन्हा पुन्हा दिसला. सर्वांत ठळक उदाहरण 78 आरपीएमच्या तबकड्यांचं. त्या लाखेच्या. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे बारीक तंतू मिसळून त्या दाबल्या जायच्या. (कापसाच्या जिल्ह्यात हे सांगितलं की लोक खूश होतात.) भारतात त्या जवळजवळ 1970पर्यंत बनत होत्या. एकदा तबकडी झाल्यावर मात्र त्या मिश्रणाला आमच्याकडच्या कबाड्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. त्यामुळे यंत्र गेलं आणि तबकड्या माळ्यावर राहिल्या. घरोघरी हीच अवस्था. बालगंधर्वांचा आवाज आहे, वाजवायला काही नाही. मुंबईत 1990 साली सुरेश चांदवणकर आणि इतरांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली आणि अशा तबकड्यांची नोंद व्हायला लागली, तीही तबकड्या शिल्लक होत्या म्हणूनच. रेडिओंची तशी सूची करायची म्हटलं तर नोंदवायला हाती काय असणार?

आता कोणता संच कधी गेला त्याकडे येते. पहिल्यांदा गेले बॅटरीचे संच. वीज नसलेल्या गावांत हे व्हॉल्व्हचे संच कोरड्या बॅटरीच्या मोठ्या पुड्यावर चालायचे. नव्वद व्होल्टचा पुडा, वर दीड व्होल्टची वेगळी सोय. देशमुख-पाटील, जिनिंगवाले, एखादे वकील, यांनाच परवडणारं प्रकरण. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, चार साध्या सेलवर चालू लागला, आणि त्या पुड्यांची मागणी संपली. पुडा मिळेना म्हणजे रेडिओ मुका. असा संच कितीही देखणा असला तरी दिवाळीच्या साफसफाईत त्याचं काय होणार हे ठरलेलंच. विजेवरचे मोठे संच त्यानंतर वीसेक वर्षं टिकले. पोस्टात वर्षाला पैसे भरून लायसन्स घ्यावं लागायचं, ती पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यात संपली. तोवर घरात टीव्ही आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर आलेला. नव्वदच्या दशकात तांब्याचा भाव आणि घरातली जागेची टंचाई, दोन्ही रेडिओच्या विरुद्ध होत्या.

इथे माझा एक तर्क आहे, सिद्ध झालेला नाही. काही संच एसी-डीसी पद्धतीचे असत, त्यांत मोठा ट्रान्सफॉर्मरच नसायचा. मला अखंड सापडलेल्या थोड्या संचांत असे संच जास्त आहेत. तांबं कमी, म्हणून कबाड्याचा उत्साह कमी? असेल.

बरं, गेला रेडिओ तर गेला. प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला त्याचं एवढं काय? मी संग्राहक नाही, माझ्या खोलीत रेडिओ ठेवायला जागाही नाही. माझी अडचण वेगळी आहे.

आकाशवाणीच्या कागदांत काय प्रसारित झालं ते सापडतं. कुठल्या घरात काय ऐकलं गेलं ते तिथे नसतं. यवतमाळसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. 1947 साली देशाच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, त्रिचनापल्ली, लखनौ. नागपूर केंद्र सुरू झालं ते 1948 साली. त्याआधी वऱ्हाडात रेडिओ लावणाऱ्याला मुंबई धरायची तर शेकडो किलोमीटरवरून. पण जवळ आणखी एक आवाज होता, निजामाचा. हैदराबादचं डेक्कन रेडिओ 1935पासून निजाम सरकारच्या ताब्यात होतं. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचं राज्य, अलीकडे वऱ्हाड, आणि वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच. त्याच्या युवराजाला 1936पासून 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. ऑगस्ट 1947 ते सप्टेंबर 1948 या तेरा महिन्यांत, नदीपलीकडे रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना, उमरखेड-पुसदच्या ज्या चार-दोन घरांत रेडिओ होता, त्या घरांत काटा कुठे असायचा? मुंबईवर? दिल्लीवर? की हैदराबाद काय बोलतंय ते चोरून ऐकायला?

याचं उत्तर वस्तूवर असू शकतं. त्या काळातल्या डायलवर शहरांची नावं छापलेली असत, काहींवर लाहोर, ढाकाही. लोक आपल्या आवडीच्या जागी काचेवर शाईने खूण करत, कागदाची चिकटपट्टी लावत. 1952 साली केंद्रीय मंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सायानींच्या गीतमालेकडे. ती हालचालही डायलवर उमटलेली मी पाहिली आहे, शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर लाल शाईची रेघ. मागच्या फळीवर विकणाऱ्या दुकानाची पत्र्याची पट्टी असते: नागपूर, अमरावती, अकोला, क्वचित यवतमाळ. त्यावरून माल कुठून यायचा ते कळतं. आत कुठेतरी लायसन्सचं पुस्तक कोंबलेलं असतं, पोस्टाच्या शिक्क्यांसकट, म्हणजे कुणाचा संच आणि किती वर्षं चालू ठेवला तेही कळतं.

काट्यावर यातलं काहीच चढत नाही. काच फुटते, फळी जळते, पुस्तक रद्दीत जातं.

चोरबाजारात दिमाखाने मांडलेला संच घेऊन माझं भागत नाही, ते यामुळेच. तो पॉलिश केलेला असतो, डायलची काच नवी असते, मागची फळी नवी असते. दिवाणखान्यात शोभतो. कुठल्या गावातून आला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ग्रामोफोनचं तर याहून वाईट झालं. चकचकीत पितळी कर्णा, चौकोनी किंवा अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याचं चित्र, असे 'अँटिक' ग्रामोफोन हॉटेलांत दिसतात ना? त्यातले बहुतेक गेल्या काही दशकांत आपल्याच देशात बनलेले. कर्णा नवा, पेटी नवी, पण आतलं चावीचं यंत्र खरं. ते काढलेलं असतं एचएमव्हीच्या पेटीसारख्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून. गावोगाव लग्नात, बैलगाडीत बसून हिंडलेला तो काळा, साधा, कर्णा नसलेला पोर्टेबल. तो 'जुना' वाटत नाही म्हणून फोडला, आणि त्याच्या पोटातून निघालेल्या यंत्रावर खोटं जुनेपण उभं केलं. मला यात विनोद कमी आणि संताप जास्त येतो.

कबाड्यावर मात्र माझा राग नाही. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडते. अखंड रेडिओ महिनाभर सांभाळायला जागा लागते, पैसा अडकतो, गिऱ्हाईक येईल याची हमी नाही. तांबं उद्या विकलं जातं. त्याचा हिशेब बरोबर होता. हुकला तो आपला, म्हणजे विद्यापीठांचा आणि संग्रहालयांचा. जिल्ह्यात एक ठिकाण असं नव्हतं जिथे माणूस म्हणेल, हे वजनावर नाही, इथे देतो.

एका बाबतीत उलटं झालंय. पन्नासच्या दशकात सरकारने गावांना सामुदायिक संच द्यायला सुरुवात केली. 1956 साली पुण्याजवळच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. यवतमाळ त्यात नव्हतं, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. पण ग्रामपंचायतीचा रेडिओ ही वस्तू पुढे इकडेही आली. ती सरकारी, त्यामुळे मोडली तरी सहज फेकता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद, मग निर्लेखनाचा ठराव, मग लिलाव. म्हणजे खासगी घरांतला संच गेला आणि कागदही गेला. पंचायतीचा संच गेला, पण कागद राहिला असण्याची शक्यता आहे. सध्या मी याच रजिस्टरांच्या मागे आहे. ग्रामसेवक आधी संशयाने बघतात, वाटतं चौकशी आली. रेडिओचं नाव काढलं की खुर्ची देतात.

तुमच्या घरी, किंवा गावातल्या एखाद्या बिछायत केंद्राच्या गोदामात (आहुजाचे जुने व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर तिथे अजून आहेत, लग्नातल्या भोंग्यांवर पुढची पोस्ट येतेय), जुना संच असेल तर तो विकायचा की नाही हे तुम्ही ठरवा. विकण्याआधी तीन फोटो काढा: डायलची काच, मागची फळी, आतला कागद असेल तर तो. डायल पुसू नका. आणि हा रेडिओ कोणत्या खोलीत होता, त्याच्यासमोर कोण बसायचं आणि कुणाला बाहेर उभं राहून ऐकावं लागायचं, हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून फोटोसोबत चार ओळींत लिहून पाठवा.