मांजराचा डोळा ते सोन्याचा कण : मादक द्रव्ये ओळखण्याची दीडशे वर्षे

१/ कपाशी-तुरीच्या ओळींआड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याची बातमी बुलढाणा जिल्ह्यातून अधूनमधून येते. पंचनामा होतो, नमुने मोहोरबंद होतात आणि मग वाट पाहिली जाते ती ‘सीए रिपोर्ट’ची. हे ‘सीए’ म्हणजे सनदी लेखापाल नव्हेत, तर केमिकल ॲनालायझर. आज अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पण पोलिसांच्या तोंडचा शब्द मात्र एकोणिसाव्या शतकातलाच राहिला आहे. त्याच्या मागे जाऊ या.

२/ मुंबई सरकारचे केमिकल ॲनालायझर आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक, ही दोन्ही पदे आय. बी. लायन यांनी सांभाळली. १८८० च्या दशकाअखेर त्यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला. त्या काळच्या अशा प्रयोगशाळांना वारंवार छळणारे द्रव्य म्हणजे धोतरा. वाटसरूला अन्नातून धोतऱ्याचे बी चारायचे आणि शुद्ध हरपली की लुबाडायचे, ही वाटमाऱ्यांची जुनी रीत होती. वाचलेल्या माणसाला काहीच धड आठवत नसे. मग पुरावा कोठून आणायचा?

३/ उत्तर होते मांजर. संशयित अन्नाचा किंवा उलटीचा अर्क काढून त्याचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालीत. धोतऱ्यातील अल्कलॉइड असेल तर बाहुली विस्फारे. रुंग या तरुण जर्मन रसायनज्ञाने बेलाडोनाचा हाच परिणाम १८१९ मध्ये मांजर घेऊन साक्षात गटेला दाखविला होता. (खूश होऊन गटेने त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि रुंगने त्यांतून कॅफीन वेगळे केले; पण ती कथा पुन्हा कधीतरी.) आज ‘बायोसेन्सर’ म्हणतात तो हाच : सजीवाचा एखादा अवयव किंवा रेणू एक विशिष्ट पदार्थ ओळखतो आणि ती ओळख आपल्याला दिसेल अशा खुणेत बदलते.

४/ मग रंग आले. १८९६ मध्ये मार्क्विसने फॉर्मल्डिहाइड आणि गंधकाम्ल यांचे मिश्रण सुचविले. अफूतील मॉर्फिनवर ते टाकले की जांभळा रंग येतो, हेरॉइनवरही जांभळाच. काही सेकंदांत उत्तर आणि खर्च नाममात्र. उणीव इतकीच की रंग कुळाचे नाव सांगतो, व्यक्तीचे नाही.

५/ गांजाने मात्र रसायनज्ञांना फार काळ दाद दिली नाही. बुलढाण्याच्या उत्तरेस, सातपुड्यापलीकडच्या निमाडात, खांडव्याकडे सरकारी परवान्याने गांजा पिके. मुंबई इलाख्यात त्याची लागवड अहमदनगरकडे होई. १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या. उटकमंडचे डेव्हिड हूपर यांनी देशभरचे नमुने तपासले. त्यांना मोजता आली ती राळ. त्या राळेतील नशेचे मूळ द्रव्य, म्हणजे टीएचसी, शुद्ध स्वरूपात हाती लागायला १९६४ साल उजाडले. सात खंडांचा अहवाल लिहिला गेला तेव्हा ज्याविषयी लिहायचे ते द्रव्यच अज्ञात होते!

६/ पुढचे वळण १९७० चे. स्पेक्टर आणि पार्कर यांनी सशांच्या शरीरात मॉर्फिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवून त्यांच्या साहाय्याने मॉर्फिन मोजले. मांजराच्या डोळ्याची जागा सशाच्या रक्तातील रेणूने घेतली. पण प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. त्याला रंग कोण देणार? येथे फॅरेडे उपयोगी पडला. १८५७ मध्येच त्याने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. १९७१ मध्ये सोन्याचे असे कण प्रथम प्रतिपिंडांना जोडले गेले. आजच्या चाचणीपट्टीतील कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

७/ पट्टीची रचना नीट समजून घ्या, कारण ती उलटी आहे. पट्टीवरील एका रेघेत ते मादक द्रव्यच बांधून ठेवलेले असते. लाळ किंवा लघवी पट्टीवरून सरकताना सोन्याचे कण अंगावर बाळगणारी प्रतिपिंडे सोबत नेते. नमुन्यात द्रव्य नसेल, तर मोकळी प्रतिपिंडे रेघेवर जाऊन बसतात आणि लाल रेघ उमटते. द्रव्य असेल तर त्यांचे हात आधीच भरलेले असतात. रेघ उमटतच नाही. गर्भचाचणीत रेघ म्हणजे ‘आहे’, येथे रेघ म्हणजे ‘नाही’. चाचणी नीट चालली की नाही हे सांगणारी दुसरी रेघ वेगळी असते.

८/ चुंबकीय नॅनोकणांचा उपयोग निराळा : प्रतिपिंडे लावलेले कण नमुन्यात मिसळायचे आणि लोहचुंबकाने गाळासारखे बाजूला ओढून घ्यायचे. असे चुंबकीय कण काही जीवाणू स्वतःच्या पेशीत घडवितात आणि बुलढाण्याच्याच लोणार सरोवरातून असे जीवाणू संशोधकांनी नोंदविले आहेत. उल्काघाताने झालेल्या खाऱ्या तळ्यातील हे होकायंत्र-धारक जीव स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचे आहेत.

९/ आता अडचणीचा भाग. पट्टी खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलते. अनारशावरची खसखस भरपूर खाल्लेल्या माणसाच्या लघवीत खरोखरच मॉर्फिन सापडू शकते. ते कोठून आले, हे सोन्याच्या कणाला ठाऊक नसते. म्हणून प्रयोगशाळेत पुढची खातरजमा लागते आणि तोवर माणूस कोठडीत असू शकतो.

१०/ गांजाबाबत पेच अधिक खोल आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांवाचून सुटी पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. भांग कायद्याच्या व्याख्येतून निसटते ती इथेच. एक किलोपेक्षा कमी ते ‘अल्प’ आणि २० किलोंपेक्षा जास्त ते ‘व्यापारी’ प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि जामीन अतिशय कठीण. म्हणजे शेतातून उपटलेल्या ढिगात शेंडे किती आणि पाने किती, यावर एखाद्याची दहा वर्षे ठरू शकतात. टीएचसी दोहोंतही असते. त्यामुळे सेन्सर कितीही तल्लख असला, तरी हा ढीग कोणीतरी हाताने निवडून, तराजूत घालूनच मोजावा लागतो.