समाजमाध्यमांमधील स्पर्धा

समाजमाध्यमांमधील स्पर्धा म्हणजे आधीच रुळलेल्या समाजमाध्यमाचे वापरकर्ते, त्यांचा वेळ आणि जाहिरातदार मिळवण्यासाठी नव्या माध्यमाने त्याच्याशी केलेली चढाओढ होय. इतर बहुतेक व्यवसायांत नवा उत्पादक अधिक चांगला किंवा स्वस्त माल देऊन जुन्याचे ग्राहक ओढू शकतो. समाजमाध्यमात ग्राहकाला हवी असलेली मुख्य गोष्ट म्हणजे तेथे आधीपासून असलेली माणसे, आणि ती प्रतिस्पर्ध्याकडे असतात. ऑर्कुटला मागे टाकणारे फेसबुक हे भारतातील यशाचे, तर हाइक आणि कू ही अपयशाची ठळक उदाहरणे आहेत. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या लगतच्या जिल्ह्यांत शिकवणीचा व्यवसाय, शेतमालाचा बाजार आणि बहुभाषिक वस्ती एकत्र आढळत असल्याने या स्पर्धेतील अडथळे व संधी तेथे विशेष स्पष्ट दिसतात.

संकल्पना

एखाद्या सेवेचे मोल तिच्या वापरकर्त्यांच्या संख्येबरोबर वाढत जाणे याला नेटवर्क परिणाम म्हणतात. अभियंता रॉबर्ट मेटकाफ यांनी १९८० च्या सुमारास मांडलेल्या नियमानुसार जाळ्याचे मोल त्यातील संभाव्य जोड्यांच्या प्रमाणात वाढते. १० जणांच्या गटात ४५ जोड्या होतात, तर ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात १,७७० होतात. या हिशेबाने मोठ्या माध्यमाला गाठणे जवळजवळ अशक्यच ठरते. मात्र ब्रिस्को, ओडलिझ्को आणि टिली यांनी २००६ मध्ये या नियमावर आक्षेप घेतला. सर्व जोड्या सारख्या मोलाच्या नसतात, बहुतेक जोड्यांचा कधी उपयोगच होत नाही, म्हणून मोल इतक्या वेगाने वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आक्षेप व्यवहारात महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.६ लाख आणि लातूर जिल्ह्याची सुमारे २४.५ लाख होती; पण या ५८ लाखांपैकी एका व्यक्तीला ज्यांच्याशी रोज बोलायचे असते ती माणसे फार तर शंभर-दीडशे असतात. ती सर्व एका ठिकाणी आली, तर त्या व्यक्तीपुरते ते जाळे पूर्ण होते. त्यामुळे नव्या माध्यमाला सुरुवातीला सगळा देश जिंकण्याची गरज नसते, एखादे वर्तुळ संपूर्ण मिळवणे पुरते. फेब्रुवारी २००४ मध्ये फेसबुकची सुरुवात हार्वर्ड या एकाच विद्यापीठापुरती झाली होती. उलट, दहा गावांत विखुरलेले लाखभर वापरकर्ते असूनही प्रत्येकाच्या ओळखीचे दोनच जण तेथे असतील, तर असे ॲप मोबाइलमध्ये असूनही उघडले जात नाही.

दूरध्वनीशी तुलना

नेटवर्क परिणाम दूरध्वनी सेवेतही असतो, तरीही तेथे नवा स्पर्धक यशस्वी होऊ शकतो, हे रिलायन्स जिओच्या उदाहरणाने दिसून आले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू करताना जिओकडे प्रस्थापित कंपन्यांच्या मानाने ग्राहक नगण्य होते. पण जिओचा ग्राहक पहिल्या दिवसापासून इतर कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला फोन करू शकत होता, कारण जाळ्यांची परस्परजोडणी कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या कंपन्या पुरेशी जोडणी देत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांच्यावर एकूण ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. शिवाय २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय होती.

समाजमाध्यमांना यांपैकी काहीच लागू नाही. याचा प्रत्यय खुद्द जिओलाच आला. कंपनीचे स्वतःचे जिओचॅट हे संदेश-ॲप होते आणि २०१७ मध्ये आलेल्या स्वस्त जिओफोनमध्ये सुरुवातीला व्हॉट्सॲप नव्हते. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये त्या फोनवर व्हॉट्सॲप उपलब्ध करून द्यावे लागले. दूरसंचार बाजाराचे चित्र पालटवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या फोनवरही प्रतिस्पर्ध्याच्या ॲपला जागा द्यावी लागली, ही या विषयातील सर्वांत बोलकी घटना म्हणता येईल.

भारतातील अनुभव

गूगलचे ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि ब्राझीलप्रमाणे भारतातही अत्यंत लोकप्रिय झाले. मराठवाड्यातील जिल्ह्याच्या गावी त्या काळी इंटरनेट म्हणजे बहुधा सायबर कॅफेतील तासावारी बैठक होती. २०१० च्या मध्यास भारतातील भेटकर्त्यांच्या संख्येत फेसबुकने ऑर्कुटला मागे टाकले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. या यशामागे एक वेळ साधली गेली होती: देशातील बहुसंख्य लोक तेव्हा कोणत्याच समाजमाध्यमावर नव्हते. ऑर्कुटकडील माणसे हिरावण्यापेक्षा नव्याने इंटरनेटवर येणारी माणसे, तीही मोबाइलवरून, फेसबुकने मिळवली. आज असा मोकळा वर्ग फारसा उरलेला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये कविन भारती मित्तल यांनी सुरू केलेले हाइक हे संदेश-ॲप २०१६ मध्ये १.४ अब्ज डॉलर मूल्यांकनापर्यंत पोहोचले होते. स्थानिक भाषांतील स्टिकर, संभाषण लपवण्याची सोय अशा कल्पक गोष्टी त्यात होत्या. पण व्हॉट्सॲप जे काम करत होते तेच काम ते करत होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झाले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणामुळे नाराज झालेल्या अनेकांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी व्हॉट्सॲप मात्र काढून टाकले नाही. ॲप घेणे आणि जुने सोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. केवळ उतरवलेल्या प्रतींच्या आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष म्हणूनच वारंवार चुकतात.

कू हे भारतीय भाषांतील लघुलेखनाचे माध्यम अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी २०२० मध्ये सुरू केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यातील वादात अनेक मंत्री व शासकीय खाती कूवर आली. मराठीतही ते उपलब्ध होते. संस्थापकांच्या निवेदनानुसार भरभराटीच्या काळात त्याचे रोजचे सक्रिय वापरकर्ते सुमारे २१ लाख होते. इतर कंपन्यांशी चाललेली विलीनीकरणाची बोलणी फिसकटल्यावर जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. मंत्री आणि खेळाडू एकाच वेळी दोन्हीकडे लिहीत राहिले, त्यामुळे वाचकाला जुने सोडण्याचे कारण मिळाले नाही.

टिकटॉकचा मार्ग वेगळा होता. त्यावर ओळखीची माणसे असण्याची गरजच नव्हती. कोणती चित्रफीत कोणाला दाखवायची हे पाहणाऱ्याच्या आवडीवरून ठरत असे. ज्या माध्यमाचे मोल मित्रांच्या यादीवर अवलंबून नसते, त्याला प्रस्थापितांच्या जाळ्याची भिंत अडवत नाही. लहान गावातील, शून्य अनुयायी असलेल्या व्यक्तीची चित्रफीतही लाखोंपर्यंत जाऊ शकत होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्याचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. प्रतिस्पर्धी एका रात्रीत नाहीसा झाल्याने मोज, जोश, एमएक्स टकाटक, चिंगारी अशा भारतीय ॲपना दुर्मीळ संधी मिळाली. पण ८ जुलै २०२० रोजी इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले. ही दोन्ही ॲप लोकांच्या मोबाइलमध्ये आधीपासूनच होती. रिकामी झालेली जागा मुख्यतः त्यांनीच भरून काढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एमएक्स टकाटक हे मोजच्या मालक कंपनीत विलीन झाले. बंदीमध्ये खरे नुकसान झाले ते चित्रफिती करणाऱ्यांचे: जमवलेले अनुयायी दुसऱ्या माध्यमावर नेण्याची कोणतीही सोय नव्हती.

मराठी संकेतस्थळे

मराठी आंतरजालावर नवागतांनी जुन्यांशेजारी आपले स्थान निर्माण केल्याची उदाहरणे आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोलीनंतर मनोगत (२००४), उपक्रम व मिसळपाव (२००७) आणि ऐसी अक्षरे (२०११) ही संकेतस्थळे आली. ती लिहित्या सदस्यांच्या लहान वर्तुळावर चालणारी आणि वेगवेगळ्या प्रकृतीची होती. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी वावरणारे सदस्यही अनेक होते. येथे कोणी कोणाला संपवले नाही. मराठी लेखन-चर्चेचा मोठा ओघ पुढे फेसबुक आणि व्हॉट्सॲपकडे वळला, तो या सर्वांच्याच हातून.

नांदेड व लातूर

लातूर पॅटर्न या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीमुळे लातूर शहरात नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव अशा जिल्ह्यांतून विद्यार्थी शिकायला येतात. नांदेड शहरही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचे मोठे केंद्र आहे. खोली घेऊन राहणाऱ्या अशा विद्यार्थ्याच्या वर्तुळात वर्गमित्र, शिक्षक, खाणावळ आणि गावाकडचे आईवडील असतात. वर्गमित्र एखादे नवे ॲप एका दिवसात स्वीकारू शकतात. गावाकडील पालक तसे करण्याची शक्यता कमी असते. वर्तुळातील सर्वांत कमी बदलणारी व्यक्ती जेथे असते तेथेच सर्वांना थांबावे लागते. लातूर बाजार समितीतील तूर आणि सोयाबीनच्या सौद्यांचे भाव शेतकरी व आडत्यांच्या गटांत फिरतात, तेथेही हेच घडते. भाव कळवणारा एकटा नव्या ॲपवर गेला, तर त्याला ऐकणारेच उरत नाहीत.

शिकवणीच्या क्षेत्रात मात्र टेलिग्रामने स्वतःची जागा मिळवली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या ॲपने २०१५ मध्ये वाहिन्यांची सोय दिली. एकाने पाठवायचे आणि कितीही जणांनी वाचायचे, असे त्याचे स्वरूप असून वाचणाऱ्यांचे मोबाइल क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. टेलिग्रामच्या गटात दोन लाखांपर्यंत सदस्य असू शकतात. व्हॉट्सॲप गटाची मर्यादा २०२२ पर्यंत २५६ होती. शेकडो पानांच्या टिपणवह्या, सराव प्रश्नपत्रिका आणि ध्वनिचित्रित तासिका पाठवण्यासाठी हा फरक निर्णायक होता. त्यामुळे देशभरातील परीक्षार्थींप्रमाणे येथील परीक्षार्थींमध्येही कामाची वाटणी झाली: अभ्यास टेलिग्रामवर, घरचे बोलणे व्हॉट्सॲपवर. टेलिग्रामने व्हॉट्सॲपला हटवले नाही, पण त्याला जमत नसलेले काम हाती घेऊन ते टिकून राहिले. या वाढीला काळी बाजूही आहे. शिकवणी वर्गांचे विकतचे साहित्य वाहिन्यांवरून फुकट वाटले जाते, आणि अशाच एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये संबंधित वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता.

भाषा हा नव्या माध्यमांनी पुढे केलेला दुसरा मुद्दा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शेअरचॅटने इंग्रजीऐवजी मराठीसह भारतीय भाषांवर भर दिला. शेअरचॅटने व्हॉट्सॲपशी थेट टक्कर घेतली नाही; सुप्रभातच्या चित्रांपासून स्टेटसच्या चित्रफितींपर्यंत व्हॉट्सॲपवर पुढे पाठवण्याजोगा मजकूर त्याने पुरवला, आणि हे धोरण हाइकच्या धोरणापेक्षा अधिक टिकाऊ ठरले. तरीही वापरकर्त्याला सुरुवातीलाच एक भाषा निवडायला सांगणारी रचना या भागात पूर्णपणे बसत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद परिसरात तेलुगू, उदगीर आणि देवणीकडे कन्नड, दोन्ही शहरांत दखनी व उर्दू, नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात पंजाबी आणि किनवटकडे तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. एकाच घरात वा दुकानात दोन-तीन भाषा चालतात. २०१३ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲपच्या आवाजी संदेशाला कोणतीच भाषा निवडावी लागत नाही, आणि लिहिता न येणाऱ्यालाही तो पाठवता येतो. भाषांचे माध्यम म्हणून आलेल्या स्पर्धकांपुढे ही साधी सोय मोठी अडचण ठरली.

प्रस्थापितांचा प्रतिसाद

नव्या माध्यमाने एखादी पोकळी शोधली की प्रस्थापित माध्यम तीच सोय स्वतःकडे आणते किंवा स्पर्धकालाच विकत घेते. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये स्नॅपचॅटच्या धर्तीवर स्टोरीज आणल्या. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये गटाची मर्यादा टप्प्याटप्प्याने १,०२४ पर्यंत वाढवली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात वाहिन्या सुरू केल्या. खुद्द व्हॉट्सॲपला फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरांना घेण्याचे जाहीर केले होते. जुन्या माध्यमाच्या खांद्यावरून नवे उभे करण्याचा मार्गही आहे: जुलै २०२३ मध्ये इन्स्टाग्रामच्या खात्यानेच प्रवेश देणाऱ्या थ्रेड्सने पाच दिवसांत १० कोटी नोंदण्या मिळवल्या. पण केवळ मोठी कंपनी पाठीशी असणे पुरत नाही. गूगल प्लस २०११ मध्ये सुरू होऊन सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले.

नियमन

गोपनीयता धोरणाच्या २०२१ मधील बदलाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने मोठ्या संदेश-सेवांना, मागणी केल्यास, लहान सेवांशी जोडणी देण्यास बांधले आहे; सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपचा त्यात समावेश झाला. भारतात हा प्रश्न सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा चर्चेत आला. झोहो कंपनीच्या अरट्टै या ॲपवरील रोजच्या नोंदण्या तीन दिवसांत सुमारे ३,००० वरून ३.५ लाखांवर गेल्याचे श्रीधर वेंबू यांनी तेव्हा सांगितले. अरट्टैचा तमिळमध्ये अर्थ गप्पा असा होतो. कॉल संपूर्ण कूटबद्ध असले, तरी त्या वेळी त्यावरील लिखित संदेश तसे नव्हते, यावर टीकाही झाली. वेंबू यांनी संदेश-सेवा यूपीआय आणि ईमेलप्रमाणे परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, अशी भूमिका मांडली. यूपीआयमध्ये एका ॲपवरून दुसऱ्या ॲपच्या वापरकर्त्याला पैसे पाठवता येतात. संदेशांसाठी अशी जोडणी बंधनकारक करणारा नियम तेव्हा भारतात नव्हता.