मेंदूतील सौम्य गाठीचे निरीक्षण : सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. यांतील निवडीचा इतिहास

प्रस्तावना :
मेंदूतील सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात. मेंदूच्या आवरणापासून निर्माण होणाऱ्या गाठीला हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये ‘मेनिंजिओमा’ हे नाव दिले. या गाठी बहुतांशी सौम्य असतात व संथपणे वाढतात. गाठ लहान व लक्षणविरहित असल्यास शस्त्रक्रिया न करता ठरावीक कालांतराने तिची प्रतिमा घेत राहणे हा आज मान्य मार्ग आहे. अशी तपासणी अनेक वर्षे चालते. ती कोणत्या यंत्राने करावी, या निवडीचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विषय विवेचन :
१९१८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेतली. १९२७ मध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. या दोन्ही पद्धती क्लेशदायक व धोक्याच्या असल्याने वारंवार निरीक्षण व्यवहार्य नव्हते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन झाले आणि ही अडचण दूर झाली. या शोधाबद्दल त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि सी.टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणच वापरले जातात. इस्राएलमध्ये १९५० च्या सुमारास डोक्यावरील गजकर्णासाठी हजारो बालकांना क्ष-किरणोपचार देण्यात आले होते. एलेन रॉन व सहकाऱ्यांच्या १९८८ मधील अभ्यासात त्यांच्यात मेनिंजिओमाचे प्रमाण सुमारे साडेनऊ पट आढळले. ती मात्रा एका सी.टी. स्कॅनहून कितीतरी अधिक होती, हे खरे; परंतु ज्या किरणांनी ही गाठ उद्भवू शकते, त्यांनीच तिच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे काय, हा प्रश्न विशेषतः तरुण रुग्णांबाबत महत्त्वाचा ठरतो.

याला पर्याय एम.आर.आय.ने दिला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रतिमा मिळविली. १९८८ मध्ये अमेरिकेत गॅडोलिनियमयुक्त द्रव्यास मान्यता मिळाल्यावर मेनिंजिओमा अधिक ठळक दिसू लागला. मात्र २००६ मध्ये मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराच्या रुग्णांत या द्रव्याचा संबंध त्वचा व ऊती कठीण करणाऱ्या व्याधीशी जोडला गेला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वारंवार हे द्रव्य दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्याच्या संचयाच्या खुणा दाखविल्या. त्यापासून मेंदूस अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नसले, तरी २०१७ मध्ये युरोपीय संघाने अशा काही द्रव्यांचा वापर थांबविला वा मर्यादित केला.

निष्कर्ष :
आरंभी ‘मेंदूच्या आत कसे पाहावे?’ हा प्रश्न होता. सौम्य गाठीने ‘अपाय न करता पुनःपुन्हा कसे पाहावे?’ हा प्रश्न पुढे आणला. त्यामुळे निरीक्षणासाठी सर्वसाधारणपणे एम.आर.आय. श्रेयस्कर ठरते. परंतु शरीरात एम.आर.आय.ला प्रतिकूल उपकरण असल्यास, तातडीच्या प्रसंगी, तसेच गाठीतील कॅल्शियम व कवटीच्या हाडातील बदल पाहण्यासाठी सी.टी. स्कॅनचे महत्त्व अबाधित आहे. म्हणूनच नवे यंत्र जुन्यास पूर्णतः निकालात काढते, हा समज या इतिहासाच्या आधारे टिकत नाही.