कोयनेचा छेद आणि तापीचा गाळ

चौकबाजारच्या किल्ल्यासमोरून जाताना आम्हा सुरतेतल्या मराठी माणसांना हमखास आठवतो तो 1664 सालचा जानेवारी महिना. महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. शहर लुटले गेले, किल्ला मात्र राहिला. गुजरातच्या सुलतानांच्या काळात, 1540 च्या दशकात, खुदावंदखानाने तो तापीच्या काठावर बांधला. त्याचे दगड लोखंडी सांध्यांनी जखडून फटींत शिसे ओतले होते, असे जुन्या वर्णनांत आहे.

आज किल्ल्याच्या परिसरात वेगळेच काम चालले आहे. सरथाणा ते ड्रीम सिटी या मेट्रोमार्गावरची कापोद्र्यापासून चौकबाजारपर्यंतची सहा स्थानके जमिनीखाली आहेत. वर जुनी घरे, देवळे, मशिदी आणि बाजार. खाली तापीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ, वाळू आणि चिकणमाती. या वस्तीत ज्यांची घरे आहेत ते विचारतात, ‘‘आमच्या भिंतींना काही होणार नाही ना?’’ या प्रश्नाचे उत्तर अभियंते आधी संगणकाच्या पडद्यावर शोधतात. ते कसे शोधतात आणि ही विद्या आली कुठून, हे यंदाच्या अंकात सांगावेसे वाटले, कारण या गोष्टीत सुरतही आहे आणि आपली कोयनाही.

पद्धतीचे नाव फायनाइट एलिमेंट. कल्पना आपल्या रांगोळीसारखी साधी आहे. मोठा अवघड आकार हाती घ्यायचा, त्याचे लहान लहान त्रिकोण किंवा चौकोन पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे गणित मांडायचे आणि सगळे ठिपके पुन्हा जोडायचे. या पद्धतीला हे नाव दिले अमेरिकेत बर्कले येथील प्राध्यापक रे क्लफ यांनी, 1960 साली. आपल्या सुरतेचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे एसव्हीएनआयटी, त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाले.

1967 साली क्लफ आणि वुडवर्ड यांनी ही पद्धत मातीच्या धरणाला लावली. मातीचे धरण एका दिवसात उभे राहत नाही, थरावर थर चढत जातो. म्हणून त्यांनी गणितातही थर एकेक करून चढवले. तेव्हापासून मातीच्या कामाचा नमुना बांधताना ‘आधी काय, मग काय’ हा क्रम आकाराइतकाच महत्त्वाचा ठरला. त्या वर्षांत आपल्या तापीवर उकाईचे मातीचे आणि दगडी असे जोडधरण बांधले जात होते. ते 1972 साली पुरे झाले.

त्याच 1967 सालच्या 11 डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले. साताऱ्याकडून आलेल्या आमच्या कुटुंबांत त्या पहाटेची आठवण अजून सांगितली जाते. धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या. त्या पडल्या कुठे, हे पाहण्यासारखे आहे. सुमारे 103 मीटर उंचीचे हे धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचे ठरले होते. काम चालू असताना एकदमच पूर्ण उंची गाठण्याचा निर्णय झाला आणि धरणाच्या छेदाचा आकार नेहमीपेक्षा निराळा झाला. खालच्या अंगाचा उतार वर जाताना एका ठिकाणी एकदम बदलतो. भेगा मुख्यतः त्या बाकाच्या आसपासच पडल्या.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भूकंपाचा जोर धरणाच्या सबंध उंचीवर सारखाच धरला होता. त्या हिशेबात भेगा पडायला नको होत्या. पुढे बर्कलेच्याच अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी धरणाचा छेद तुकड्यांत मांडला आणि धरणातच बसवलेल्या यंत्रावर नोंदलेले खरे धक्के त्याला दिले. तेव्हा त्या बाकापाशी काँक्रीटला न पेलणारा ताण आलेला दिसला. त्यांचा लेख 1973 साली प्रसिद्ध झाला. दुरुस्तीत धरणाच्या उंच भागांना मागून आधारभिंती दिल्या गेल्या. आज जगात कुठेही धरणाच्या गणिताचे नवे सॉफ्टवेअर आले की त्याची परीक्षा बहुधा कोयनेच्या छेदावर होते. परदेशातल्या ज्या विद्यार्थ्याला सातारा कुठे आहे ते ठाऊक नसेल, त्यालाही कोयनेच्या भिंतीचा आकार काढता येतो. एक गंमत मात्र आहे. त्या प्रसिद्ध नमुन्यात पाण्याकडची भिंत सरळ उभी धरतात. खरी भिंत अगदी तशी नाही. अभियंता काही गोष्टी जाणूनबुजून सोडतो. काय सोडले तर चालते आणि काय सोडले तर घात होतो, हे ओळखणे हेच त्याचे शहाणपण.

मातीसाठी आज सर्वत्र वापरले जाणारे प्लॅक्सिस हे सॉफ्टवेअर डचांच्या देशात जन्मले. हॉलंडच्या सखल प्रदेशातल्या मऊ मातीवर नद्यांचे बंधारे कसे तगतील हे पाहण्यासाठी 1987 साली डेल्फ्ट विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले. हेच डच सतराव्या शतकात व्यापारासाठी सुरतेत वखार थाटून होते. कतारगामकडे त्यांची दफनभूमी आणि त्यातली व्हान रीडची भव्य कबर आपण पाहिली असेल. आपणही त्यांच्यासारखेच नदीच्या मुखाजवळ, गाळावर राहणारे. 2006 च्या पुराने ते आपल्याला पुन्हा शिकवले.

आता पडद्यावर आपले शहर कसे उतरते ते पाहू. आधी जमिनीत ठिकठिकाणी बोअर घेऊन मातीचे नमुने काढतात आणि दोन बोअरच्या मधले थर अंदाजाने जोडतात. मग चित्राच्या कडा ठरवतात. त्या भुयारापासून पुरेशा दूर हव्यात, नाहीतर कडेचाच परिणाम उत्तरात उतरतो. तळ पक्का धरतात. बाजूंना वरखाली सरकू देतात, पण आडवे हलू देत नाहीत. भुयाराभोवती जाळी बारीक, दूर विरळ. मग पाण्याची पातळी, घरांचे वजन, आणि शेवटी क्रमाने खोदकाम. सरळ भुयाराला एक उभा छेद बहुधा पुरतो. स्थानकाच्या कोपऱ्यापाशी मात्र तिन्ही बाजूंचा नमुना लागतो.

या साऱ्यात एक उणीव राहते. बोअर जिथे घेतला तिथलीच माती समजते. दोन बोअरच्या मध्ये बुजवलेली विहीर असेल, जुन्या हवेलीचे तळघर असेल, महाराजांच्या स्वारीनंतर औरंगजेबाने बांधवलेल्या विटांच्या तटाचा पाया असेल, तर पडद्यावर तिथे सलग मातीच दिसते. गोपीतळाव तर सर्वांच्या डोळ्यांसमोर कोरडा पडला आणि पुन्हा भरला. पण घराघरांतल्या विहिरी आणि टाकी गुपचूप बुजली, त्यांची नोंद कोण ठेवणार? कोयनेत एक बाक हिशेबात नीट धरला गेला नाही, तर भेग तिथेच पडली.

ही माहिती कुठल्याही यंत्रापेक्षा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे अधिक आहे. आजी म्हणते, ‘‘परसात रहाट होता.’’ आजोबा सांगतात, ‘‘पलीकडच्या गल्लीत पावसाळ्यात पाणी खालून यायचे.’’ आपण ते जुन्या आठवणी म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. अभियंत्याच्या दृष्टीने ती जमिनीची खबर आहे.

म्हणून यंदा आमची मंडळातल्या जुन्या कुटुंबांना एक विनंती आहे. आपले घर, आधीचे घर, सोडलेले घर, जिथे विहीर, तळघर, टाके किंवा बुजवलेला नाला असल्याचे आठवते ती जागा, खुणेसह कागदावर लिहून ठेवा. साधे हाताने काढलेले चित्रही चालेल. मुलांना शेजारी बसवून ते काढा. पुढे कधी कोणी विचारत आले, तर दाखवायला आपल्याकडे काही असेल. कोणी आले नाही, तर आपणच जाऊन द्यावे.

मातीची मूर्ती आपण घरी आणतो आणि दहा दिवसांनी पाण्यात सोडतो. ज्या मातीवर आपल्या पिढ्या नांदल्या, तिची आठवण मात्र पाण्यात जाऊ देऊ नये.

गणपती बाप्पा मोरया!